सातबाऱ्यावर नाव कुणाचं? नेब्रास्काच्या अलेक्झांड्राची गोष्ट

आज बीजप्रक्रिया, बोंडअळी किंवा ठिबकचं अनुदान यांपैकी काहीच सांगणार नाही. आज एका कादंबरीविषयी बोलायचं आहे. पण कादंबरी म्हटल्यावर पान उलटू नका. तीत दुष्काळ आहे, कर्ज आहे, भाऊबंदकी आहे आणि शेवटी जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नही आहे. आमच्यासारख्या कृषी पदविकावाल्याला आणखी काय हवं? माझं इंग्रजी बेताचंच. उशाला शब्दकोश ठेवून वाचली, पण पुरी वाचली.

लेखिकेचं नाव विला कॅथर. जन्म १८७३ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. १८८३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिचं कुटुंब नेब्रास्का राज्यात गेलं. तिथे नजर पोचेल तिथवर नुसता गवताळ माळ, झाड औषधाला नाही. १८६२ च्या कायद्याने सरकारने १६० एकर जमीन देऊ केली होती. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. त्यापायी स्वीडन, नॉर्वे, बोहेमिया अशा देशांतून माणसं आली. लाकूड मिळेना म्हणून गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून त्यांनी घरं बांधली. अर्थात त्या मुलखात आधी पॉनी आदिवासी राहत होते आणि १८७० च्या दशकात त्यांना दूर हलवण्यात आलं. कॅथरबाईंनी याबद्दल जवळपास काहीच लिहिलेलं नाही, एवढं वाचताना ध्यानात ठेवावं.

कॅथरबाईंच्या वडिलांनी शेती करून पाहिली, पण दीडेक वर्षात सोडली आणि रेड क्लाउड या गावी शेतकऱ्यांच्या कर्जाचं व विम्याचं ऑफिस थाटलं. म्हणजे शेतकऱ्याचं गहाणखत या मुलीने घरातच पाहिलं. शिवाय घोड्यावर बसून ती शेजारपाजारच्या परदेशी बायकांकडे जायची, त्यांच्या गोष्टी ऐकायची. त्याच गोष्टींतून १९१३ साली ‘ओ पायोनियर्स!’ ही कादंबरी आली.

बर्गसन हा स्वीडनहून आलेला शेतकरी. अकरा वर्षं माळाशी झगडला. एका हिवाळ्यात जनावरं गारठून मेली, एका उन्हाळ्यात घोड्याचा पाय मोडला, रोगाने डुकरं गेली. पहिली पाच वर्षं कर्ज झालं, पुढची सहा ते फेडण्यात गेली. मरताना त्याने कारभार सोपवला तो थोरल्या मुलीकडे, अलेक्झांड्राकडे. मुलगे अंगमेहनतीला चांगले, पण डोकं चालतं ते पोरीचं, हे त्याने ओळखलं होतं.

पुढे ओळीने तीन वर्षं दुष्काळ पडला. शेजारी विकून निघाले. भाऊ म्हणाले, आपणही जाऊ. अलेक्झांड्राने काय करावं? धाकट्या भावाला घेऊन ती पाच दिवस नदीकाठच्या शेतांवर गेली. पुरुषांशी पिकांविषयी बोलली, बायकांशी कोंबड्यांविषयी. शिकून आलेला एक तरुण शेतकरी नव्या चाऱ्याचा प्रयोग करत होता, त्याच्याकडे तर तिने एक अख्खा दिवस काढला. आपण याला शिवारफेरी म्हणतो! परत आली ती ठरवून, की विकायचं नाही, उलट घ्यायचं. पुढे लसूणघास लावला, लोक हसले. त्या भागात पहिली मुरघासाची टाकी बांधली, तेव्हा तिचे स्वतःचे गडीच बिचकले. पण बाप वारल्यानंतर सोळा वर्षांनी तिची शेती त्या भागातल्या सर्वांत भरभराटीच्या शेतींपैकी एक झाली.

एक इशारा इथेच देतो. तिने जमीन गहाण टाकून जमीन घेतली ते कथेत फळलं, कारण जमिनीचे भाव वाढले. खऱ्या नेब्रास्कात १८९० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली, कितीतरी कुटुंबं जमीन सोडून गेली. तेव्हा कादंबरी वाचून कर्ज काढू नका. घ्यायचं ते पुढचं.

भावांची लग्नं झाली तेव्हाच वाटण्या होऊन गेल्या होत्या. अलेक्झांड्रा चाळिशीला आली. जुना मित्र परत आला, तिच्या लग्नाची चिन्हं दिसू लागली आणि भाऊ उभे राहिले. म्हणणं काय, तर घरची इस्टेट पुरुषांची असते, कष्ट आम्ही केले, तू नुसतं सांगत होतीस. लसूणघास लावायला सांगितलं म्हणजे तूच लावला की काय! यावर ती रडली नाही. तिने त्यांना एवढंच सुनावलं, की जिल्ह्याच्या ठिकाणी कारकुनाकडे जा आणि माझ्या जमिनीचा मालक कोण ते विचारून या.

तलाठीभाऊ, हे वाक्य तिला बोलता आलं, कारण दप्तरी तिचं नाव होतं. आपल्याकडे किती जणींना असं बोलता येईल?

आता माझीच चूक सांगतो. वस्तीवर गेलो की ओट्यावर निवडत बसलेल्या बाईला मी विचारायचो, ‘मालक आहेत का?’ त्या म्हणायच्या, ‘तालुक्याला गेलेत.’ मी गाडीला किक मारून परत. बियाणं कोणतं पेरलं, उगवण किती झाली, गाय कधी आटली, हे सगळं त्या बाईलाच ठाऊक. आणि मी तिला निरोप्या समजत होतो. अलेक्झांड्राच्या भावांत आणि माझ्यात फरक तो काय?

कायदा मागे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. पण वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई कोण करतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कॅथरबाई १९४७ साली वारल्या. ‘माय अँटोनिया’ या त्यांच्या १९१८ च्या कादंबरीतली बाई दिवसभर शेतात राबून संध्याकाळी सफरचंदाच्या रोपांना पाणी वाहते. अशा कामाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. ती एका लेखिकेने केली.

तेव्हा ग्रामसेवकभाऊ, पुढच्या शेतकरी मेळाव्याचा निरोप घरातल्या बाईच्या नावानेही धाडा. शेतकरी दादा, लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज या हंगामात द्या. आणि ताई, माझ्यासारखा कुणी दारात येऊन ‘मालक आहेत का?’ म्हणाला, तर खुशाल सांगा, ‘आहेत की, बसा. काय विचारायचंय?’