आफ्रिकेचा शेतकरी आणि सल्ल्याची एकमार्गी वाट

आफ्रिकी संघाच्या सभासद राष्ट्रांनी जानेवारी २०२५ मध्ये युगांडाची राजधानी कंपाला येथे शेतीविषयक नवा जाहीरनामा संमत केला. २०२६ ते २०३५ या दहा वर्षांत अन्नोत्पादन ४५ टक्क्यांनी वाढविण्याचा संकल्प त्यात सोडण्यात आला आहे. असे संकल्प त्या खंडाला नवे नाहीत. प्रत्येक राष्ट्राने आपल्या अर्थसंकल्पाचा किमान दहा टक्के भाग शेतीवर खर्च करावा, असे २००३ साली मोझांबिकमधील मापुटो येथे ठरले होते. २०१४ साली मालाबो येथे त्याचाच पुनरुच्चार झाला. ही मर्यादा सातत्याने गाठणारी राष्ट्रे मात्र आजवर थोडीच निघाली. तेव्हा नव्या आकड्यांचे स्वागत करण्यापूर्वी एक जुना प्रश्न विचारणे प्राप्त आहे. हे वाढीव पीक ज्याने काढावयाचे, त्या दोन-चार एकरांच्या धन्याशी बोलणार कोण, आणि त्याचे ऐकणार कोण?

हा प्रश्न केवळ शासकीय सोयीचा नाही. २०१६ च्या प्रारंभी अमेरिका खंडातील लष्करी अळी प्रथमच पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि दोन वर्षांच्या आत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक सर्व देशांतील मक्यावर तिने धाड घातली. मका हे तेथील कोट्यवधी कुटुंबांचे रोजचे अन्न. अळी मक्याच्या पोंग्यात दडून बसते. वरवरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्यांना हे कोणी सांगितले नाही, त्यांनी हाती लागेल ते विषारी औषध फवारले; पैसे गेले, पीकही गेले आणि अंगावर विष उडाले ते निराळेच. दुसरीकडे काही शेतकऱ्यांनी पोंग्यात माती, वाळू वा राख टाकून अळी मारण्याचे उपाय स्वतःच योजले. पुढे तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकांतही या उपायांची नोंद झाली. हीच अळी २०१८ साली कर्नाटकात प्रकटली आणि पाठोपाठ महाराष्ट्रातील मक्यावरही उतरली, हे येथील वाचकांच्या स्मरणात असेल. वेळेवर मिळालेला बरोबर सल्ला आणि न मिळालेला सल्ला यांत एका कुटुंबाच्या वर्षाच्या अन्नाचे अंतर असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

पंधरवड्याचे वेळापत्रक

आफ्रिकेत सल्ला देणारी यंत्रणा उभारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत जागतिक बँकेच्या पाठिंब्याने ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत पन्नासांहून अधिक देशांत पसरली. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने तिचा आराखडा आखला होता. भारतातही ती राबविली गेली; जुन्या पिढीतील कृषिसहायकांना तिचे वेळापत्रक पाठ असेल. विषयतज्ज्ञाने क्षेत्रीय कर्मचाऱ्याला ठरावीक दिवशी शिकवावे, त्याने पंधरवड्यातून एकदा ठरावीक ‘संपर्क शेतकऱ्या’कडे जावे, आणि त्या शेतकऱ्याने ते ज्ञान शेजाऱ्यांना द्यावे, अशी ही उतरंड होती. शिस्तीच्या दृष्टीने ती निर्दोष दिसत असे.

केनियात १९८२ पासून १९९८ पर्यंत या पद्धतीवर मोठा खर्च झाला. प्रारंभीच्या एका अभ्यासाने तिच्यापासून प्रचंड लाभ झाल्याचा निर्वाळा दिला होता. परंतु जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने नंतर ती आकडेमोड तपासली, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. उत्पादकतेवर ठळक परिणाम आढळला नाही. कर्मचारी जे सांगत, त्यातील पुष्कळसे शेतकऱ्यांना आधीच ठाऊक होते. भेटी त्याच त्या गावांत आणि त्यातल्या त्यात सुस्थितीतील घरी होत. आणि बाहेरचा पैसा आटताच एवढा मोठा डोलारा पेलण्याची शक्ती शासनाच्या तिजोरीत नव्हती. ठरलेल्या दिवशी कर्मचारी येतो, एवढ्यानेच तो उपयोगाचे काही घेऊन येतो असे सिद्ध होत नाही. या उतरंडीत वरून खाली येण्याची वाट होती. खालून वर जाण्याची नव्हती. निरोप पोहोचविणे एवढेच ज्याचे काम, त्याला उलट प्रश्न विचारण्यात शेतकऱ्याला तरी काय स्वारस्य असणार?

अर्ध्या चमच्याचा धडा

सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार नेहमीचीच. पोहोचलेला सल्ला योग्य असतो काय, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. पश्चिम केनियातील बुसिया जिल्ह्यात एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्याच रानात प्रयोग केले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यांपैकी पहिल्या दोघांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. संकरित बियाणे, पेरणीचे खत आणि वरखत यांचा जो संपूर्ण संच तेथील कृषिखाते शिफारशीत देत असे, तो त्या शेतकऱ्यांना परवडत नव्हता. पीक वाढे, पण वाढीव पिकाच्या किमतीतून खर्च भरून निघत नसे. याउलट मका गुडघाभर झाल्यावर बुडाशी केवळ अर्धा चमचा वरखत दिल्यास एका हंगामात गुंतवलेल्या पैशावर सरासरी ३६ टक्के परतावा मिळत होता.

या अर्ध्या चमच्यात विस्तारशास्त्राचा फार मोठा धडा सामावला आहे. संशोधन केंद्राचे लक्ष एकरी उताऱ्यावर असते. शेतकऱ्याचे लक्ष घातलेल्या प्रत्येक शिलिंगाच्या परताव्यावर असते. केंद्रातील जमीन निवडक, पाणी हुकमी, मजूर पगारी. शेतकऱ्याची जमीन थकलेली, पाऊस लहरी आणि मजूर म्हणजे घरचीच माणसे. अशा स्थितीत जो शिफारस नाकारतो, त्याला अडाणी वा परंपराग्रस्त ठरविणे सोपे असते. वस्तुतः त्याने गणित अधिक बरोबर केलेले असते. त्या नकाराचे कारण विचारून ते संशोधकाच्या टेबलापर्यंत नेणारा कोणी असता, तर अर्ध्या चमच्याचा शोध लावण्यासाठी परदेशी विद्यापीठांतून विद्वान यावे लागले नसते.

ज्ञान खालीही असते

ज्ञान केवळ प्रयोगशाळेतच निपजते, या समजुतीला आफ्रिकेच्या साहेल पट्ट्याने मोठा तडा दिला आहे. बुर्किना फासो या देशातील यातेंगा प्रांतात १९८० च्या सुमारास दुष्काळाने गावेच्या गावे उठून चालली होती. तेथे याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्याने ‘झाई’ ही जुनी रीत सुधारून घेतली. कोरड्या हंगामात दगडासारख्या टणक झालेल्या जमिनीत खड्डे घ्यावयाचे, त्यांत शेणखत घालावयाचे. खताच्या वासाने वाळवी येते, ती जमीन पोखरून सच्छिद्र करते, आणि पहिल्याच पावसाचे पाणी खड्ड्यात मुरते. नापीक म्हणून सोडलेल्या रानात ज्वारी-बाजरी उभी राहिली. सावाडोगो तेवढ्यावर थांबला नाही. १९८४ पासून त्याने आपल्या शेतावर बाजारदिवस भरविण्यास सुरुवात केली. आसपासच्या गावांतील शेतकरी तेथे जमत, बियाण्यांची देवघेव करीत आणि एकमेकांचे अनुभव ऐकत. त्या मेळाव्याला ना शासकीय आदेश होता, ना भत्ता. २०१८ साली त्याला ‘राइट लाइव्हलीहुड’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ साली तो निवर्तला.

शेजारच्या नायजर देशात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने १९८३ पासून रोपे लावण्याची मोहीम बाजूला ठेवून शेतात आधीच असलेल्या खोडांच्या फुटव्यांची निगा राखण्याचा मार्ग शेतकऱ्यांसह रुजविला. ही रीत पुढे सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरली, ती मुख्यतः शेजाऱ्याचे पाहून. परंतु तेथेही एक अट होती. पूर्वीच्या कायद्यानुसार झाडे शासनाची मानली जात. झाड राखावे आणि त्यावर हक्क दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता. तो जाच शिथिल झाला तेव्हाच शेतकऱ्याने झाड राखले. ज्ञानाला हक्काची जोड नसेल तर ते आचरणात उतरत नाही.

याचा अर्थ शासनाने हात जोडून बसावे, असा नव्हे. गावातले ज्ञान आपोआप सर्वत्र पसरते, हाही एक भाबडा समज आहे. शेतकऱ्यांच्या ‘शेतशाळा’ १९८९ साली इंडोनेशियात भातावरील किडींच्या निमित्ताने सुरू झाल्या आणि पुढच्या दशकात पूर्व आफ्रिकेत आल्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी हंगामभर दर आठवड्याला एका शेतात जमून पीक, कीड व मित्रकीटक यांचे निरीक्षण करावयाचे आणि निर्णय स्वतः घ्यावयाचा, अशी ही रीत. केनिया, टांझानिया व युगांडा या देशांतील पाहणीत तिचा लाभ स्त्रियांना व अल्पशिक्षितांना विशेष झाल्याचे दिसले. पण ती खर्चिक आहे, आणि इंडोनेशियाचा अनुभव असा की शाळेत न आलेल्या शेजाऱ्यापर्यंत ते शिक्षण सहसा झिरपत नाही.

मलावीतील एका प्रयोगाने याचे उत्तर काही अंशी दिले आहे. तेथे नवी पद्धत शिकविण्याचे काम काही गावांत प्रतिष्ठित ‘अग्रणी’ शेतकऱ्यांकडे, तर काही गावांत सामान्य शेतकऱ्यांकडे सोपविण्यात आले. सामान्य शेतकऱ्याला त्याच्या श्रमाबद्दल अल्पसे बक्षीस मिळाले तेथे गावकऱ्यांनी त्याचे अधिक ऐकले. कारण त्याची जमीन आणि त्याची ओढाताण त्यांच्यासारखीच होती. त्याच देशात असेही दिसले की स्त्रियांनी हे काम पुरुषांइतकेच चोख केले, तरी गावाने त्यांना कमी जाणत्या मानले. सहारा-दक्षिण आफ्रिकेत शेतीत राबणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. त्यांना सल्ला न मिळणे आणि त्यांचा सल्ला न मानला जाणे, ही दुहेरी हानी आहे.

खर्च कोणाचा?

आता प्रश्न उरतो पैशाचा. खाजगी व्यापारी हे काम करील, अशी आशा अनेकदा दाखविली जाते. बियाणे वा औषध विकणारा विक्रेता सल्ला देतो, हे खरे; पण जे विकता येत नाही त्याचा सल्ला तो का देईल? केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिटा येथे, झेयाउर खान या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली मक्यासाठी एक उत्तम पद्धत विकसित झाली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल पीक लावावयाचे आणि शेताभोवती नेपियर गवत. पहिल्याने खोडकिडीचे पतंग दूर पळतात, दुसऱ्याकडे ते ओढले जातात. शिवाय डेस्मोडियममुळे टारफुला हे मक्याच्या मुळांवर जगणारे तणही हटते, जनावरांना वैरण मिळते. ही पद्धत समजावून देण्यास वेळ लागतो, आणि शेतकरी एकदा शिकला की तो दरवर्षी दुकानात येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हे सार्वजनिक हिताचे ज्ञान आहे. त्याचा भार समाजानेच उचलला पाहिजे.

तो भार उचलताना सातत्य नसेल तर काय होते, ते युगांडात दिसले. २००१ साली तेथे कायदा करून शेतकरीगटांनी ठेकेदारांकडून सल्ला विकत घ्यावा अशी व्यवस्था झाली. तिच्यात गैरप्रकार शिरले, आणि २०१४ पासून बियाणे व रोपे वाटण्याचे काम थेट लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती गेले. वाटप मोजता येते, छायाचित्रात दिसते, मतपेटीतही उपयोगी पडते. सल्ला मोजता येत नाही. म्हणून सल्ल्याची जागा वाटपाने घेणे हा मोह सर्वच राज्यकर्त्यांना होतो, आणि तो केवळ आफ्रिकेपुरता नाही, हे सांगावयास नको.

भ्रमणध्वनीने ही अडचण सुटेल काय? इथिओपियाने २०१४ साली ८०२८ या क्रमांकावर स्थानिक भाषांतून शेतीसल्ला देणारी सेवा उघडली, आणि एका फोनचा खर्च एका भेटीच्या मानाने नगण्य असतो. हे साधन उपयोगी आहे यात शंका नाही. पण यंत्रातून जर तोच जुना, न परवडणारा सल्ला ऐकू येणार असेल, तर एकमार्गी वाट फक्त अधिक वेगवान होईल. फोनवर शेतकरी काय विचारतो, याची नोंद ठेवून ती दर हंगामात संशोधन केंद्रापुढे ठेवली जाते किंवा नाही, ही त्या सेवेची खरी कसोटी होय.

कंपालाच्या जाहीरनाम्याला अर्थ यावयाचा असेल, तर तीन गोष्टी आवश्यक आहेत. विस्तारसेवकाचे वेतन आणि त्याचा प्रवासखर्च देणगीदारांच्या तीन वा पाच वर्षांच्या योजनेतून न येता देशाच्या अर्थसंकल्पातून यावा. प्रत्येक शिफारस गावापर्यंत नेण्यापूर्वी ती सामान्य शेतकऱ्याच्या रानात आणि त्याच्या हिशेबाने तपासली जावी. आणि सेवकाच्या कामाचे मोजमाप त्याने किती भेटी दिल्या यावरून न होता, किती प्रश्न वर नेले आणि किती उत्तरे परत आणली यावरून व्हावे; ते मोजमाप करण्यात शेतकऱ्यांचा, आणि विशेषतः स्त्रियांचा, वाटा असावा. आज तो सेवक आपल्या वरिष्ठाला उत्तरदायी आहे. ज्या दिवशी तो शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला उत्तरदायी होईल, त्या दिवशी ४५ टक्क्यांच्या संकल्पावर विश्वास ठेवण्यास काही आधार मिळेल.