हिशेब मालकालाच कळला पाहिजे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या, तसे त्यांना धंदा शिकवणारेही वाढले. त्यांपैकी एका जाणकारांचे म्हणणे हल्ली फार ऐकू येते. ते असे : पान तोडणाऱ्याला मजुरी वेळेवर मिळाली की झाले. करारनामा, ताळेबंद, कर ही तज्ज्ञांची कामे. एक चांगला सनदी लेखापाल नेमा, सचिवाला संगणक द्या. अख्ख्या गावाला हिशेब शिकवत बसणे म्हणजे पैशाची नासाडी. अडाणी माणसाला आकडे दाखवले की तो संशय घेतो आणि गावात भांडणे लागतात.

भांडणे आकडे लपवल्याने लागतात, एवढेच उत्तर पुरे. लेखापाल हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो झालेल्या व्यवहाराचा हिशेब मांडतो. व्यवहार कोणाशी आणि कोणत्या अटीवर करायचा, हे ग्रामसभाच ठरवते.

मला चीड येते ती आकडे या लोकांना झेपत नाहीत, या गृहीतकाची. हे गृहीतक मांडणाऱ्याने तेंदूच्या हंगामात एक संध्याकाळ फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागी, काढावी. 70 पानांचा एक पुडा, 100 पुड्यांचा शेकडा, 1,000 पुड्यांची प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीला 70,000 पाने. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई पहाटे जंगलात जाते, घरी येऊन पुडे बांधते, फळीवर रांगेत लावते. मुन्शीने दोन पुडे कमी लिहिले तर जागच्या जागी त्याला अडवते. तिला गणित येत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? तिला फळीपर्यंतचा हिशेब चोख येतो. फळीच्या पुढचा हिशेब तिच्यासमोर कधी कुणी मांडलाच नाही.

आणि खरी लूट तिथेच होते. समजा, एका गावाची 400 गोणी पाने आहेत. एक कंत्राटदार गोणीला 5,000 रुपये रॉयल्टी बोलतो, पण सगळी रक्कम हंगामानंतर देणार. दुसरा 4,500 बोलतो, पण निम्मी रक्कम तोडाई सुरू होण्यापूर्वी बँकेत भरणार. पहिल्याचा आकडा 20 लाखांचा, दुसऱ्याचा 18 लाखांचा. मोठा आकडा ऐकून सभा हात वर करते. पाने ट्रकमधून निघून जातात, पहिला कंत्राटदार निम्मे पैसे देतो आणि उरलेल्यासाठी पुढच्या हंगामाचे वायदे करतो. 20 लाखांचे 10 लाख झाले. रॉयल्टी थकल्याच्या तक्रारी या भागाला नव्या नाहीत. हा फटका कोणता लेखापाल टाळणार होता? तो मार्चअखेर येऊन 'येणे बाकी' असे लिहील. सौद्याच्या दिवशी सभेतल्या चार जणांनी "पैसे कधी, हमी कशाची?" एवढे विचारले असते, तर गाव वाचले असते.

पदाधिकाऱ्यांचे वेगळे काही नाही. खात्यात मोठी रक्कम दिसली की ती सगळी कमाई वाटते. तिच्यातली मजुरी अजून वाटायची असते, पेसा कायद्याखाली मिळणारा 5 टक्के अबंध निधी त्याच्या नेमून दिलेल्या कामांसाठी असतो, बांबू तोडणाऱ्यांची देणी असतात. जमा आणि नफा यांतला फरक अध्यक्षालाही शिकवावाच लागतो.

हा वाद जुनाच आहे. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा, हे लोक जंगल काय राखणार, असे म्हणणारे होते. त्याआधी बचत गट उभे राहताना, बायकांना वहीखाते काय जमणार, असे म्हणणारे होते. दोन्ही वेळा ते चुकले आणि दोन्ही वेळा त्यांनी चूक मान्य केली नाही. आता तोच युक्तिवाद लेखापालाचे नाव पुढे करून परत आला आहे.

मग करायचे काय? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने 2009 मध्ये मिळवला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती घेतले. त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट होते : आधी विषय समजून घ्यायचा, मग सर्वसहमतीने ठरवायचे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हाती येणारा पैसा त्यांनी नाकारला, कारण खर्चाच्या बाजूला त्यांनी जंगलाचे नुकसानही धरले. याहून पक्की आर्थिक समज कोणत्या कंपनीत दिसते? अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड रीमॅन्युफॅक्चरिंग या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्याने 1983 नंतर आपले हिशेब कामगारांसमोर उघडले आणि ते वाचायलाही शिकवले. व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याचे गोडवे गातात. पाचगावचे नाव तिथे निघत नाही.

माझी मागणी साधी आहे. सौद्याआधी करारनामा सभेत गोंडीतून किंवा मराठीतून, गावाच्या बोलीत, मोठ्याने वाचावा. हंगाम संपला की चार ओळी समाजमंदिराच्या भिंतीवर लिहाव्यात : माल किती गेला, पैसे किती यायचे होते, किती आले, खर्च जाऊन किती उरले. त्या ओळी दर वेळी वेगळ्या माणसाने समजावून सांगाव्यात, त्यांत बायका निम्म्या असाव्यात. आणि प्रशिक्षणाचा पैसा फक्त सचिवाच्या संगणकावर खर्च होऊ नये.

कारखान्यातल्या मजुराला हिशेब कळला नाही तर त्याच्या मालकाचे फारसे बिघडत नाही. ग्रामसभेत मजूर हाच मालक आहे. त्याला हिशेबापासून दूर ठेवणारा सल्ला कितीही व्यावसायिक वाटो, तो मालकी परत काढून घेण्याचा सल्ला आहे, आणि प्रत्येक ग्रामसभेने तो धुडकावला पाहिजे.