यादीत नाही म्हणजे पुस्तक नाही?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हा लेखसुद्धा माझ्या मराठीच्या एका चुकीवरच आहे.

आमचं गाव कौंडण्यपूर, वर्धा नदीच्या काठचं. रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना माहीत. मागच्या सुट्टीत गावातल्या छोट्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी कॉम्प्युटरवर चढवली. लिबरऑफिस बेस, फुकटातलं! पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, किंमत, कपाट... डीबीएमएसच्या लॅबमध्ये टेबल बनवतो तसंच. मग नावाप्रमाणे सॉर्ट करून रिपोर्ट काढला, प्रिंट मारली आणि भिंतीवर लावली. काय रुबाब होता माझा!

आठवड्याने शेजारच्या आजी भेटल्या. "काय व पोरी, ज्ञानेश्वरी नाही राह्यली का आता वाचनालयात? पारायनाले पाह्यजे होती."

म्हटलं, आहे की!

"यादीत तं नाही."

यादीत होती. पण 'ज' संपता संपता, 'झ'च्या अगदी आधी. आजींनी पाहिलं शेवटच्या पानावर, कारण शाळेत त्या ह, ळ, क्ष, ज्ञ असंच शिकल्या. कॉम्प्युटरला 'ज्ञ' हे एक अक्षर म्हणून ठाऊकच नाही. युनिकोडमध्ये तो ज, हलन्त आणि ञ असा तीन तुकड्यांत साठवतात, म्हणून तो जातो 'ज'च्या खात्यात. 'क्ष' तसाच 'क'मध्ये, आणि 'ळ' बसतो ल आणि व यांच्या मध्ये. हे मला दिसायला हवं होतं ना? पण एबीसीडी झोपेतही म्हणणारी मी मुळाक्षरं ओळीने म्हणताना अजून 'ट ठ ड'पाशी अडखळते. आजी तर कुणाला न विचारता निघून गेल्या होत्या. छापलेलं खोटं कसं असेल?

मग लेखकवार रिपोर्ट पाहिला. तिथे साने गुरुजी दोन! एक 'गुरुजी', एक 'गुरूजी'. शिवाय 'साने पां. स.' हे तिसरेच गृहस्थ. क्वेरीचा दोष नाही, टाइप मीच केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की रिपोर्ट कोण वाचणार हे न ठरवता आपण प्रिंटचं बटण दाबतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, त्यामुळे हिशेब लागतोच. त्यासाठी दाखल क्रमांकाने लावलेली, किमतीची बेरीज असलेली यादी हवी. मान्य. पण तीच यादी वाचकाच्या तोंडावर का मारायची? त्याला किंमत नको, दाखल तारीख नको. विषय, नाव, लेखक, कपाट, आणि टाइप मोठा. बस्स! रंगनाथन तर गणिताचे प्राध्यापक होते, तरी १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच नियमांत वाचकाचा वेळ वाचवा हा एक नियम आहेच.

रूममेट म्हणते, कागद कशाला, क्यूआर कोड लाव. आजींकडे साधा बटणांचा फोन आहे, बाई! आणि आपलं तरी काय? हॉस्टेलवर कितीजणी रात्री बसून लायब्ररीचा कॅटलॉग उघडतात, खरं सांगा. मेसच्या रांगेत मात्र दारावरचा प्रत्येक कागद आपण वाचतो, मागच्या महिन्याचा मेनूसुद्धा.

गावची यादी मी पुन्हा काढली. एक जादा रकाना घेऊन त्यात मुळाक्षराचा नंबर टाकला आणि त्यावर सॉर्ट केलं. ज्ञानेश्वरी आता शेवटच्या पानावर आहे. आजींनी तोवर तिवशाहून नातवाकरवी दुसरी प्रत मागवून पारायण उरकलंही होतं.

लायब्ररीच्या सरांना विनंती, या सेमिस्टरला नवीन पुस्तकांची यादी मेसच्या दारावर लावू द्या. प्रिंट मी काढते. लावण्याआधी मुळाक्षरांचा क्रम मात्र कुणीतरी तपासून द्या, प्लीज!