गाळलेली जागा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपटा स्टेशनावर एक कातकरी कुटुंब बोचकी घेऊन वीटभट्टीवर निघाले होते. "भट्टीवाल्याची उचल फिटली का हो?" मी विचारले. "गेल्या सालचीच ऱ्हायलीय, मास्तर!"

माणसांच्या व्यापाराची व्याख्या करताना संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारात 'सक्तीचे श्रम' स्पष्ट लिहिले आहेत. भारताने तो करार २०११ मध्ये स्वीकारला. २०१३ मध्ये व्याख्या दंडसंहितेत उतरली. नेमके हेच दोन शब्द वाटेत गळाले. २०२४ पासूनच्या न्याय संहितेत भिकेची भर पडली, श्रमांची नाही. वेठबिगारीबंदीचा १९७६ चा कायदा आहे म्हणा. पण उचल काही थांबली नाही.

गाळलेल्या जागा भरायला लावणे हा आम्हां मास्तरांचा धंदा. ही जागा मात्र, वाचकहो, कोण भरणार?