पाहुण्यास कोणती फांदी द्यावी?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांस समुद्र नाहीं. परंतु समुद्राची ओढ मात्र पुष्कळ आहे. हिवाळ्यांत शाळांच्या सहली कुंभार्ली घाटानें गुहागरकडे किंवा आंबा घाटानें गणपतीपुळ्याकडे उतरतात, आणि परत येतांना मुलांचे खिसे वाळूनें व शंखशिंपल्यांनीं भरलेले असतात. त्यांतला एखादा शंख घरीं आल्यावर एकाएकीं चालूं लागतो, कारण आंत खेकडा बसलेला असतो! कांहीं हौशी लोक तर असे खेकडे विकत घेऊनही पाळतात. पाहुणा घरांत आला कीं मूल अंगणांत धांवतें, हातास लागेल ती डहाळी मोडतें आणि त्याच्या पेटींत खोंवून देतें. यांत मुलाचें मन दिसतें, आणि तें चांगलें दिसतें. परंतु दया ज्ञानावांचून कशी उलटते, हेंही त्याच डहाळींत दिसून येतें; म्हणून तिच्याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं चार शब्द बोलावेत असें वाटतें.

प्रथम पाहुण्याची ओळख करून घेऊं. त्याला आपण येथें शंखवासी खेकडा म्हणूं. त्याच्या पुढल्या अंगावर कठीण कवच असतें, पण मागचें पोट मऊ व पिळवटलेलें असतें. तें झांकण्यासाठीं तो रिकामा शंख शोधून त्यांत शिरतो, आणि अंग वाढलें कीं थोरला शंख पाहून बिऱ्हाड बदलतो. याच्या दोन तऱ्हा ध्यानांत ठेवाव्या. एक समुद्रांत राहणारी. कोंकणच्या खडकांतील डबक्यांत ओहोटीच्या वेळीं बहुधा हीच आपल्या दृष्टीस पडते. दुसरी जमिनीवर राहणारी. ती लक्षद्वीप व अंदमान-निकोबार या बेटांवर आढळते, आणि हौशी लोक पाळतात ती हीच. हिचें बाल्य समुद्रांत जातें. परंतु वाढ झालेला खेकडा पाण्यांत बुडून राहिला तर गुदमरून मरतो. त्याचा श्वास कल्ल्यांवरच चालतो, आणि ते ओले राहावेत एवढी दमट हवा त्याला लागते.

बेटांवर हा प्राणी रात्रीं बाहेर पडतो. गळलेलीं फळें, कुजकीं पानें, जुनें लांकूड, मेलेले जीव, जें मिळेल तें तो खातो. तो मुळांवर व खोडांवर चढतो आणि ऊन तापलें कीं पाल्याखालीं दडतो. याच कुळांतला मोठा नारळी खेकडा नारळावर जगतो. चार्ल्स डार्विन १८३६ सालीं हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवर गेला असतां त्याची नोंद त्यानें मोठ्या कुतूहलानें केली आहे. तेव्हां शंखवासी खेकड्याच्या पेटींतील फांदी ही शोभेची वस्तु नव्हे. ती त्याची शिडी आहे, त्याचा आडोसा आहे, आणि थोडीबहुत त्याची शिदोरीही आहे. जी वस्तु प्राणी कुरतडणार ती विचार केल्यावांचून देऊं नये, हें मग निराळें सांगावयास नको.

आपल्या अंगणांतील पहिलें झाड बहुधा कडुनिंबाचें असतें. त्याचा आपणांस केवढा आधार! गुढीपाडव्यास त्याचीं पानें आपण खातों, धान्याच्या कणगींत त्याचा पाला घालतों, गोंवर-कांजिण्यांत त्याची डहाळी रोग्याच्या उशाशीं ठेवितों. जें आपणांस इतकें हितकर तें त्या लहानग्या जीवासही हितकर असेल, असें मुलास वाटलें तर नवल नाहीं. परंतु धान्यांतील कीड निंबाच्या पाल्यानें कां हटते, हें विचारून पाहावें. निंबांत अझाडिरॅक्टिन नांवाचें द्रव्य असतें. तें शास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं वेगळें काढलें. कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेंत हें द्रव्य बिघाड करितें. खेकडा हा कीटक नव्हे. तथापि तोही कीटकांप्रमाणेंच संधिपाद वर्गांतला आहे, वाढण्यासाठीं त्यालाही कात टाकावी लागते, आणि ती क्रिया त्याच्या शरीरांत तशाच जातीच्या संप्रेरकांनीं चालते. म्हणून आपला तो कडुनिंब या पाहुण्यापासून दूर ठेवणेंच शहाणपणाचें होय.

दुसरें उदाहरण सांगली जिल्ह्याचें. तासगांव व मिरज या भागांत द्राक्षांचे मळे आहेत. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबराच्या सुमारास गोडी छाटणी झाली कीं बांधावर वेलीच्या काड्यांचे ढीग पडतात. द्राक्षवेलीचें लांकूड चिवट व खरबरीत असतें. खेकड्यास चढावयास याहून चांगलें लांकूड क्वचितच मिळेल. पण हीच काडी मळ्यांतून उचलली तर ती घातक ठरूं शकते. मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण वेलीवर फवारतात. केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर फ्रान्सांतील मिलार्डे या प्राध्यापकानें १८८५ च्या सुमारास तें पुढें आणिलें, आणि त्यानें असंख्य मळे वांचविले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. आपल्या रक्तांत जसें लोखंड तसें खेकड्याच्या रक्तांत तांबें असतें खरें. परंतु बाहेरून जास्तीचें तांबें पोटांत गेलें तर खेकडे, झिंगे या जातीच्या जीवांस तें विष होतें. काचेच्या हौदांत मासे पाळणारे लोक रोगट माशांसाठीं तांब्याचें औषध घालण्यापूर्वीं झिंगे-खेकडे बाहेर काढून ठेवितात, तें याचसाठीं. शिवाय आज मळ्यांत बोर्डोखेरीज दुसरींही कीटकनाशकें मारतात. म्हणजे झाड निर्दोष असूनही फांदी सदोष असूं शकते.

या दोन उदाहरणांवरून फांदी देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे असें मी सुचवितों. हें झाड कोणतें? त्याच्या अंगांत काय आहे? आणि त्याच्यावर कोणी काय फवारलें आहे? नांव सांगतां येत नसेल तर ती फांदी देऊं नये. कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई आणि शेर हीं तर उघड विषारी. त्यांना हातही लावूं नये. चीक गळणारीं झाडें टाळावीं. राळेचा उग्र वास येणारें चिडाचें खोक्याचें लांकूड व नीलगिरी हींही टाळावींत. मळ्याच्या बांधावरची आणि रहदारीच्या रस्त्यावरची फांदी कितीही सुरेख असली तरी ती तेथेंच राहूं द्यावी.

मग द्यावें तरी काय? पुष्कळ आवारांत देशी बदामाचें झाड असतें. त्याचीं गळून पडलेलीं, वाळलेलीं पानें द्यावीं. नारळाचें सोडण व करवंटी द्यावी; सोडण ओलावा धरून ठेवितें आणि करवंटी घर होते. घरच्या जास्वंदीचें न फवारलेलें फूल व शेवग्याचा पाला हा त्याचा खाऊ होईल. परसांतील मांडवावर चढलेली, कधींही न फवारलेली द्राक्षवेल असेल तर तिची वाळकी काडी उत्तम. काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारें समुद्रफेन पेटींत ठेवावें, म्हणजे कवचास लागणारा चुना त्यास मिळेल. झाड तोडण्यापेक्षां गळलेली काडी बरी. ती धुवावी, उकळावी, कडक उन्हांत वाळवावी आणि पेटींत घट्ट रोंवावी. तिला बुरशी आली तर काढून टाकावी. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलुखांत उन्हाळ्यांत हवा इतकी शुष्क होते कीं ओला पाला व ओली वाळू नसेल तर पाहुण्याचे कल्लेच वाळतील. तो वाळूंत पुरून घेऊन कित्येक आठवडे दिसला नाहीं, तर मेला म्हणून उकरूं नये. तो कात टाकीत असतो.

येथवर वाचून कोणी गृहस्थ म्हणतील कीं, एका खेकड्यासाठीं हा केवढा खटाटोप! त्यांस माझें नम्र उत्तर असें कीं, खटाटोप मोठा आहे हेंच मला सांगावयाचें आहे. हा जीव ३० वर्षांहूनही अधिक जगूं शकतो. पाळल्यावर मात्र अनेकदां थोड्याच महिन्यांत मरतो. पेटींत त्याची वीण होणें अत्यंत दुर्मिळ आहे. म्हणून विकला जाणारा जवळ जवळ प्रत्येक खेकडा कोठल्या तरी किनाऱ्यावरून धरून आणिलेला असतो. यास्तव आईबापांस माझी विनंति अशी कीं, भेट म्हणून तो विकत आणूं नये. ज्यांच्या घरीं तो आधींच आला आहे त्यांनीं त्यास नेऊन भलत्याच किनाऱ्यावर सोडूं नये. त्याचें आयुष्य असेल तोंवर त्याला नीट सांभाळावें, आणि फांदीपुढें ते तीन प्रश्न रोज विचारावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, सहलींत खडकांतील डबक्यांत जो खेकडा तुम्हांस दिसेल त्याला कोणतीही फांदी उपयोगाची नाहीं. त्याला समुद्रच हवा. बाटलींत भरून तो घाट चढेपर्यंत क्वचितच जगेल. त्याच्याजवळ स्वस्थ बसा, तो शंख कसा बदलतो तें पाहा, वहींत त्याचें चित्र काढा. रिकामा वाटणारा शंखही क्षणभर तळहातावर धरून वाट पाहा. आणि तो रिकामाच ठरला तरी तेथेंच ठेवून या, कारण कोणाचें तरी उद्यांचें घर तें.

जो मुलगा एका खेकड्यासाठीं ‘या काडीवर काय फवारलें आहे?’ असें विचारावयास शिकला, तो पुढें मळ्याचा धनी झाल्यावर विहिरीच्या पाण्याविषयीं आणि फवारा मारणाऱ्या गड्याच्या हातांविषयींही तेंच विचारील, अशी माझी खात्री आहे. शाळेनें द्यावयाची विद्या ती हीच, असें मी समजतों.