करिअर कट्टा : लीडरशिप कोर्सची फी भरण्याआधी

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं मन लावून काम केलं आणि मॅनेजरची जागा दुसऱ्यालाच मिळाली, की आपल्यातले बरेच जण मोठ्या विद्यापीठाच्या लीडरशिप कोर्सची चौकशी करू लागतात. फी हजारो डॉलर. मंडळी, जरा थांबा.

आधी बॉसला सरळ विचारा, "वरच्या जागेसाठी माझं नेमकं काय कमी पडतं?" 'मीटिंगमध्ये तुम्ही बोलतच नाही' असं उत्तर आलं, तर टोस्टमास्टर्सचा क्लब गाठा. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू झालेली ही संस्था. वर्गणी माफक आणि उभं राहून बोलण्याचा सराव भरपूर. बजेट कळत नसेल, तर फायनान्सचा कोर्स घ्या. माणसं सांभाळणं जड जात असेल, तर अवघड संभाषणांचा सराव करून घेणारा, चुका तोंडावर सांगणारा वर्ग शोधा. नुसते व्हिडिओ पाहून ते येत नाही.

मग एचआरकडे जा. कंपनीच्या रीतसर शिक्षण-साहाय्य योजनेतून मिळालेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर फेडरल आयकर लागत नाही. नोकरी सोडल्यास पैसे परत करायची अट आहे का, तेवढं नीट वाचा.

शिकलेलं वापरायला एखादं छोटं प्रोजेक्ट मिळेल का, हेही बॉसशी आधीच ठरवा. नाहीच मिळालं, तर मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाची जबाबदारी अंगावर घ्या. पगार न देता स्वयंसेवकांकडून वेळेत पंगत उठवून घेणं हे काही साधं नेतृत्व नव्हे!