खेळत खेळत किल्ल्यात

सोलापूरला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे, याची प्रत्येक घराची यादी ठरलेली असते. सिद्धेश्वराचे दर्शन, तळ्याकाठी एक फेरी, मग चादरी-टॉवेलांची खरेदी आणि परतताना बरोबर द्यायला शेंगाचटणी व कडक भाकरीचा पुडा. दुसरा दिवस हाताशी असलाच तर तुळजापूर, अक्कलकोट नाही तर पंढरपूर. या यादीत भुईकोट किल्ला क्वचितच असतो. वास्तविक तळ्याकाठी उभे राहिले की त्याचा तट डोळ्यांसमोरच येतो. पाहुणा विचारतो, ‘हा किल्ला कुणाचा हो?’ कॉलेजात जाणारा मुलगा आईकडे बघतो, आई वडिलांकडे बघते आणि वडील म्हणतात, ‘फार जुना आहे!’

जुना तर आहेच. बहमनी काळात, चौदाव्या शतकात तो उभा राहिला. पुढे आदिलशाही, निजामशाही, मोगल, निजाम, पेशवे असा हातोहाती फिरला आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून जिंकून घेतला. आज तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. या खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. तेव्हा पैशाची आडकाठी म्हणावी तर तीही नाही. मुलांना आत जावेसेच वाटत नाही, हे खरे दुखणे आहे.

त्यावर हल्ली एक औषध वारंवार सुचवले जाते. मुलांच्या हातात मोबाइल आहेच, त्यावरच किल्ल्याचा खेळ द्या! ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे त्या तंत्राचे भारदस्त नाव. प्रकार तसा समजायला सोपा आहे. मोबाइलचा कॅमेरा बुरुजावर धरायचा. पडद्यावर बुरूज आहे तसा दिसतोच, पण त्यावर तोफ, पहारेकरी, एखादे कोडे असे जे तिथे नाही तेही उभे राहते. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहांच्या संदेशांवरून कळते, तोंड कुठल्या दिशेला आहे हे होकायंत्रावरून, आणि बाकीचे काम कॅमेऱ्यातले चित्र ओळखणारा प्रोग्रॅम करतो. मूल चालेल तसा खेळ पुढे सरकतो.

या तंत्राची ताकद जगाने २०१६ च्या जुलैत पाहिली. ‘पोकेमॉन गो’ नावाचा खेळ आला आणि एरवी सोफ्यावरून न हलणारी मुले (आणि त्यांचे बापही) काल्पनिक प्राणी पकडायला मैलोन्मैल चालू लागली. आपल्याकडे तो रीतसर आला त्या वर्षीच्या डिसेंबरात. आडवाटेने पोरांनी तो त्याआधीच मिळवला होता. खेळातली ठाणी म्हणजे खरोखरचे पुतळे, स्मारके, जुन्या इमारती. त्यातली कितीतरी ठिकाणे ‘इंग्रेस’ या त्याच कंपनीच्या आधीच्या खेळात खेळणाऱ्यांनीच सुचवलेली होती. वारसास्थळे सांभाळणाऱ्यांना वाटले, चला, गर्दी तर आली.

पण कुठे कुठे आली? वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आली, ऑशविट्झच्या छळछावणीत आली, हिरोशिमाच्या शांती उद्यानात आली. जिथे माणसे मान खाली घालून उभी राहतात तिथे मुले मोबाइल नाचवत प्राणी पकडू लागली. तिन्ही ठिकाणच्या व्यवस्थापनाला ‘आमची जागा खेळातून वगळा’ असे सांगावे लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, कारण खेळातली अंडी देवळांत सापडू लागली होती. पडद्यावरचे का होईना, अंडे ते अंडेच!

माझ्या मते दोष तंत्राचा नव्हता. त्या खेळाला जागेशी काही देणेघेणेच नव्हते. तोच प्राणी एस. टी. स्टँडवर ठेवला असता तरी खेळात काही उणे पडले नसते. भुईकोटात असला खेळ आणला तर मुले येतील, मान खाली घालून तटाच्या कडेने फिरतील आणि तट न बघता घरी जातील. मग पाहुण्याने विचारलेच तर उत्तर तेच, ‘फार जुना आहे.’

जागा आणि खेळ यांची सांगड घालणे आपल्याला नवे नाही. दिवाळीत अंगणात दगड-मातीचा किल्ला करणारे मूल दुसरे काय करत असते? आळीव पेरून त्याचे जंगल होते, वाटीभर पाण्याचा तलाव होतो, मावळे पहाऱ्यावर उभे राहतात. जे नाही ते उभे करायचे आणि ते आहे असे मानून खेळायचे. फरक इतकाच की दगड रचताना हाताला माती लागते आणि तट ढासळला की मूल स्वतःच शिकते, पाया रुंद का ठेवतात ते.

सोलापुरात तर याहून मोठा दाखला आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या परिसरात अडुसष्ट लिंगे स्थापली, अशी श्रद्धा आहे. दर संक्रांतीला सात नंदीध्वज त्या लिंगांच्या फेरीला निघतात. काठ्या उंच आणि जड, त्या पेलायचा सराव आधीपासून करावा लागतो. पांढऱ्या बाराबंदीतली पोरे ती पेलत जातात, आणि कुठल्या वळणावर कुठले लिंग आहे हे त्यांना पुस्तकात पाहावे लागत नाही. यात्रा ही श्रद्धेची गोष्ट. तिला खेळ म्हणण्याचा चावटपणा मी करणार नाही. पण गाव पायांनी पाठ करायची ही युक्ती आठशे वर्षे टिकली आहे. मोबाइलवाल्यांनी आधी ती शिकावी.

किल्ल्याच्या खेळाने मुलाला भिंतीकडे बघायला भाग पाडले पाहिजे. तटाच्या चिऱ्यांत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, फारसी शिलालेख आहेत, आत एका प्राचीन देवळाचे अवशेष आहेत. खेळाने विचारावे, हा नक्षीचा दगड इथे कसा आला? याच्यासारखा दुसरा शोध. मुलाने मोबाइल खाली करून दहा पावले चालावे, हाताने सावली धरून दगड न्याहाळावा आणि मगच पुढचे दार उघडावे. आणि गोष्ट हवीच असेल तर इथली काय कमी रंगतदार आहे? १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली मुलगी केली. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला द्यायचे ठरले, असे निजामशहाचे म्हणणे. तो काही मिळाला नाही. मग चाळीस वर्षे दोन्ही व्याही घराणी या किल्ल्यासाठी लढत राहिली! पुढे अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला, आणि त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी मिळून तालिकोटला विजयनगरचा पराभव केला. लग्नाची बोलणी, मानपान, रुसवे आणि तोफा. कुठल्याही मालिकेत शोभेल असा ऐवज आहे.

इथेच मला भीतीही वाटते. खेळ म्हटला की आपले आणि परके अशा दोन फळ्या लागतात आणि मुलाच्या हातात तलवार दिली जाते. भुईकोट असल्या दोन फळ्यांत बसत नाही. एकाच भिंतीत देवळाचा दगड आणि फारसी अक्षरे आहेत. तिच्याबाहेर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणारे गाव आहे. पूर्व भागातल्या विणकराच्या मुलीला खेळाची गोष्ट घरातल्या तेलुगूत ऐकता आली, तर किल्ला तिचाही होईल. चार भाषांचा खर्च परवडत नसेल तर चित्रे कमी करा, आवाज वाढवा.

आवाजाचे मोल आणखी एका जागी आहे. मे १९३० मध्ये या शहराने ब्रिटिश अंमल झुगारला. ९ ते ११ मे हे तीन दिवस इथे इंग्रजांचे राज्य चालले नाही. १२ मेपासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता आणि राष्ट्रध्वज मिरवणे हा गुन्हा ठरला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. चौघांच्या पुतळ्यापाशी गोळीबाराचा देखावा पडद्यावर उभा करून गुण वाटायचे असतील तर नको तो खेळ. तिथे मोबाइलने फक्त चार नावे उच्चारावीत आणि गप्प बसावे. देवळे आणि दर्गे तर मुळातच वगळावेत. गुजरातेतली याचिका पुरे झाली.

आता पैशाचे. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले, तेव्हापासून ‘डिजिटल’ या शब्दाचे अप्रूप इथे नव्याने सांगायला नको. कंत्राट निघते, उद्‌घाटन होते, फोटो छापून येतो. पुढे? अजिंठ्याच्या पायथ्याशी लेण्यांच्या प्रतिकृतींसह उभारलेले भव्य पर्यटक केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद करावे लागले. ‘माइनक्राफ्ट अर्थ’ आणि हॅरी पॉटरचा असाच खेळ, दोन्ही बड्या कंपन्यांचे. पहिला २०२१ च्या जूनमध्ये आणि दुसरा २०२२ च्या जानेवारीत मिटला. तीन वर्षेही धड टिकले नाहीत. सहाशे वर्षांच्या तटाला तीन वर्षांच्या खेळाचा आधार द्यायचा, तर खेळ बंद पडल्यावर काय उरणार याचा विचार आधी हवा.

म्हणून तो मुंबई-बंगळूरच्या कंपनीकडून विकत आणू नये. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले कुणीतरी आधी केलेलेच प्रकल्प पुन्हा बांधून सादर करतात आणि पुण्याची गाडी पकडतात. त्यांना एक बुरूज द्या. सोबत फारसी वाचणारा एक जाणकार, इतिहासाचे एक प्राध्यापक आणि नववीचा एक वर्ग द्या. खेळ कसाबसाच झाला तरी तो करण्यासाठी त्या पोरांना वीस वेळा किल्ल्यात जावे लागेल, शिलालेखाचा अर्थ लावावा लागेल, ‘हा मजकूर खरा कशावरून?’ यावर भांडावे लागेल. मोबाइलमधला खेळ पुसला गेला तरी हे भांडण पुसले जात नाही.

काही गोष्टी अगदी साध्या, पण कंत्राटाच्या कागदावर न येणाऱ्या. सुटी लागते एप्रिल-मेमध्ये आणि तेव्हा सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, शिवाय मोबाइल तापून बंद पडतो तो वेगळाच. उपग्रहाचा अंदाज काही मीटरने चुकू शकतो. बुरुजाच्या कडेला काही मीटर म्हणजे थेट खंदक. तेव्हा कोडे कडेपासून आत, सावलीत ठेवावे आणि जवळ प्यायचे पाणी व स्वच्छतागृह असावे. ही सोय आधी केली तर आजी-आजोबाही येतील, आणि त्यांच्याजवळ गिरणीच्या भोंग्यापासून सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

मुहूर्तही शोधायला नको. जानेवारीत ऊन सोसण्यासारखे असते, हुतात्म्यांचा स्मरणदिन आणि यात्रा एकाच आठवड्यात येतात, आणि होम मैदानावर गड्डा भरतो. पाळण्यात बसायला आणि भजी खायला लाखो माणसे किल्ल्याच्या शेजारी येतात. गर्दी आणण्यासाठी वेगळा खेळ लागत नाही, ती दारात उभीच असते. पण गड्ड्याला रंग चढतो संध्याकाळी, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तू साधारणपणे सूर्यास्ताला बंद होतात. तेवढे पंधरा दिवस तरी तटाला दिवे लावून रात्री नऊपर्यंत दार उघडे ठेवता येईल का, एवढे एक पत्र महापालिकेने खात्याला लिहावे.